राजीनामा कोणाला देणार?

प्रश्न

ठाण्यात राहणाऱ्या एका वाचक महिलेचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे. त्यांचे वय ३८ आहे. मराठी दैनंदिन मालिकांमध्ये त्यांनी सहायक म्हणून सुरुवात केली आणि आता त्या एपिसोड डायरेक्टर आहेत. त्यांचे मूळ गाव सिंधुदुर्गात आहे. गेल्या तीन हंगामांत सुट्ट्या जोडून त्या गावी जातात आणि एका दशावतारी नाटक मंडळीत आयुष्यभर स्त्रीपार्टी, म्हणजे पुरुषाने वठवायची स्त्रीभूमिका, केलेल्या, आता साठी ओलांडलेल्या कलावंताचे चित्रण करतात. त्यांना त्या 'काका' म्हणतात. सुमारे ४० तासांचे फूटेज हार्ड डिस्कवर पडून आहे. दरम्यान एका निर्मात्याने दिवाळीला सुरू होणाऱ्या नव्या मालिकेचे मुख्य दिग्दर्शन त्यांना देऊ केले आहे. त्या लिहितात, "हे घेतले तर माहितीपट कायमचा राहील, आणि मालिका सोडल्या तर घराचा हप्ता कोण भरणार? यजमान विरोध करत नाहीत, पण 'त्यातून पुढे काय?' असे विचारतात, आणि मला ते लागते. एका ज्येष्ठ माहितीपटकारांनी सांगितले की मालिकेत इतकी वर्षे काढल्यावर हात बिघडतो. चाळिशी जवळ आली आहे. या कारकुनीचा राजीनामा देऊन मी पूर्णवेळ माहितीपटाकडे वळावे का?"

उत्तर

राजीनामा देण्यासाठी मुळात नोकरी असावी लागते, आणि पत्रातून जेवढे कळते त्यावरून तुम्हाला ती नाही. दैनंदिन मालिकेचा एपिसोड डायरेक्टर बहुतेक वेळा दिवसाच्या किंवा भागाच्या हिशेबाने काम करतो. त्याला ना भविष्य निर्वाह निधी मिळतो, ना भरपगारी रजा, आणि कामाचा धनादेश नव्वद दिवसांनी वेळेवर हाती पडला तरी तो समाधान मानतो. गुरुवारी बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. ते घसरत राहिले की वाहिनी मालिकेची वेळ बदलते, मग कथानकात कोणाला तरी अपघात होतो, आणि तरीही आकडे हलले नाहीत तर अल्प सूचनेवर सगळे युनिट घरी बसते. हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. तरीही पत्रात तुम्ही मालिकांना सुरक्षित किनारा आणि माहितीपटाला खोल पाणी मानले आहे. दोन्हीकडे पाणीच आहे, फक्त एकीकडे तुम्हाला पोहता येते. म्हणून सोडावे की धरावे, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. महिन्यातले किती दिवस तुम्ही मालिकेला विकणार आणि किती स्वतःकडे ठेवणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याजोगे आहे.

या हिशेबाने पाहिले तर देऊ केलेले मुख्य दिग्दर्शन वेगळे दिसू लागते. ती बढती आहे, पैसे वाढतील, शीर्षकात नाव आधी येईल. पण महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस जातील, आणि उरलेल्या दिवसांत वाहिनीच्या क्रिएटिव्ह मंडळींबरोबर पुढच्या कथानकाच्या बैठका होतील. नव्या मालिकेचे पहिले सहा महिने तर भागांची बँक करण्यातच, म्हणजे पुढचे भाग आधीच चित्रित करून ठेवण्यातच, सरतात. ती सुरू होणार दिवाळीला, आणि कोकणात जत्रांचा हंगाम सुरू होतो तोही कार्तिकातच, जो पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. म्हणजे ज्या रात्री काका देवळाच्या आवारात पेटाऱ्याजवळ बसून तोंडाला रंग लावत असतील, नेमक्या त्याच रात्री तुम्ही घोडबंदर रोडवरच्या एखाद्या बंगल्यात हळदीकुंकवाचा प्रसंग संपवण्याच्या मागे असाल. इथे तडजोडीला जागा नाही, हे आधी मान्य करायला हवे. ही विशिष्ट मालिका आणि हा विशिष्ट माहितीपट एका वर्षात मावणार नाहीत. त्यावरून मालिका आणि माहितीपट कधीच एकत्र नांदत नाहीत, असा निष्कर्ष मात्र तुम्ही काढू नये.

आता 'हात बिघडतो' या शेऱ्याकडे येऊ, कारण पत्रात तो सर्वांत खोल रुतलेला दिसतो. शेरा निम्मा खरा आहे. मालिकेने तुम्हाला जे दिले ते अनेक माहितीपटकारांकडे नसते. दिवसाला वीस-बावीस मिनिटांचे वापरण्याजोगे चित्रण उरकण्याची शिस्त, थकलेल्या युनिटकडून शेवटच्या तासात काम काढून घेण्याची हातोटी, जनरेटर बंद पडला तर पुढचा प्रसंग कोणता घ्यायचा हे दोन मिनिटांत ठरवण्याची तयारी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम पूर्ण करण्याची सवय. अर्धवट राहिलेल्या माहितीपटांच्या हार्ड डिस्क या शहरात किती कपाटांत पडून असतील, याची कल्पना मला आहे. त्यामुळे या कामाला कारकुनी म्हणणे मला पटत नाही, आणि कारकुनांनाही पटू नये.

पण बिघाडही आहे, आणि तो तुम्हीच पत्रात लिहून ठेवला आहे. काका घरून देवळाकडे निघाले तेव्हा चौकट नीट बसली नाही म्हणून तुम्ही त्यांना "परत एकदा चला" म्हणालात, आणि असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी मान किंचित कलती करून, पदर सावरल्यासारखा हात नेऊन चालून दाखवले, आणि तुम्हाला ते 'फारच सुंदर' वाटले. मला वाटते त्या क्षणी तुमच्या हातून माणूस निसटला आणि नट उरला. जो आयुष्यभर रंगभूमीवर उभा राहिला आहे, त्याला 'अॅक्शन'चा वास लगेच येतो. तुम्ही मागाल ते तो देईल, आणि तुम्हाला वाटेल की सत्य मिळाले.

याउलट पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरता उल्लेख केलेला एक तुकडा आहे. पहाटे नाटक संपल्यावर काका गंगावन काढतात, नऊवारी सोडतात, ती जुन्याच घड्यांवर पुन्हा घडी घालून बसतात, आणि तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला असतानाच मुलाला फोन करून पंप दुरुस्त झाला का ते विचारतात. मुलगा काहीतरी सांगत राहतो, काका नुसते 'हूं' म्हणतात आणि घडीवर हात फिरवत राहतात. साडेचार मिनिटांचा सलग शॉट. त्यापुढे तुम्ही कंसात लिहिले आहे, 'यात काही घडत नाही, बहुधा काढावा लागेल.' मालिकेच्या सवयीने बिघडलेला हात असेल तर तो या कंसात आहे. मालिकेत काही घडले की कॅमेरा तीन-तीन चेहऱ्यांवर जातो, मग ढोल वाजतो, मग पुन्हा तेच चेहरे दिसतात. तिथे घडणे म्हणजे कोणीतरी कोणालातरी काहीतरी सांगणे असते. इथे एक माणूस स्त्री म्हणून रात्रभर उभा राहून पुन्हा घरचा कर्ता होतो आहे, आणि त्यातला नेमका कोणता क्षण सीमारेषेचा, ते पाहणाऱ्याला कळत नाही. तुमचा माहितीपट कदाचित याच साडेचार मिनिटांभोवती उभा राहील. बाकी, 'रात्रीचा राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' हे दशावतारी कलावंताचे चित्र कोकणात प्रत्येकाच्या मनात आधीपासूनच तयार आहे. ते दाखवण्यासाठी चार वर्षे घालवायची गरज नाही.

माहितीपट हे शुद्ध काम आणि दूरचित्रवाणी हे पोटाचे काम, ही भिंत नेमकी कोणी बांधली हे मला कधी नीट समजलेले नाही. सई परांजपे यांची कारकीर्द पाहा. त्या आकाशवाणीतून आल्या, दूरदर्शनवर निर्मात्या-दिग्दर्शिका झाल्या, आणि १९७२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी त्यांनी 'द लिटल टी शॉप' हा लघुपट केला. 'स्पर्श' आणि 'चष्मेबद्दूर'सारखे चित्रपट केल्यावरही त्या मालिकांकडे परत आल्या, आणि १९९३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका गावातील दारूबंदीच्या लढ्यावर सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी 'चूडियाँ' करून त्यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. माध्यम बदलताना त्यांनी मागचे दार लावून घेतले नाही. (जाता जाता सांगतो. गणितज्ञ रँग्लर र. पु. परांजपे १९०१ मध्ये केंब्रिजहून परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागत छायाचित्रकार सावेदादा भाटवडेकरांनी चित्रित केले होते, आणि भारतातल्या वृत्तचित्राचा आरंभ तिथे मानला जातो. सई परांजपे या त्याच रँग्लरांच्या नात. घराणेशाहीचा असा नमुना मात्र कोणाला खुपू नये.) अर्थात त्यांचा काळ वेगळा होता. एकच वाहिनी होती, आणि तिला रोज रात्री त्याच स्वयंपाकघरात परतायची सक्ती नव्हती. आजची दैनंदिन मालिका माणसाचा वेळ ज्या रीतीने खाते, तसे तेव्हाचे दूरदर्शन खात नव्हते. म्हणून त्यांचे उदाहरण जसेच्या तसे तुम्हाला लागू पडणार नाही, पण भिंतीची कल्पना मात्र त्यामुळे ढासळते.

वयाच्या काळजीवर मी फार थांबणार नाही. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, आणि 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट १९८५ मध्ये आला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटासाठी आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण केले. या क्षेत्रात तुम्ही लहानच आहात.

पैशांवर मात्र थांबावे लागेल, आणि त्यासाठी यजमानांच्या प्रश्नाकडे परत येतो. 'त्यातून पुढे काय?' हा टोमणा आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तो घराचा निम्मा हप्ता भरणाऱ्या माणसाचा साधा आणि रास्त प्रश्न वाटतो. त्याचे खरे उत्तर असे आहे की आपल्याकडे निव्वळ माहितीपटांवर घर चालवणारे लोक फार थोडे आहेत. बाकीचे शिकवतात, संस्थांसाठी आणि कंपन्यांसाठी फिल्म करतात, दुसऱ्यांचे संकलन करतात, किंवा त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाचा तरी पगार येतो. एकेकाळी सरकार हा मोठा आश्रयदाता होता. १९४८ मध्ये स्थापन झालेली फिल्म्स डिव्हिजन सातत्याने माहितीपट बनवून घेत असे, आणि ते चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. २००० मध्ये सुरू झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने दूरदर्शनसाठी स्वतंत्र दिग्दर्शकांकडून शेकडो माहितीपट करून घेतले. आता नव्या माणसाच्या वाट्याला प्रामुख्याने अनुदाने आणि पिचिंगचे, म्हणजे पैसे देणाऱ्यांपुढे आपला प्रकल्प मांडण्याचे, मंच येतात. कोलकात्याचे डॉकएज, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर २०२४ पासून भरू लागलेला डॉक फिल्म बाजार, अॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड, सनडान्सचा माहितीपट निधी, ही त्यांतली काही नावे आहेत. यांपैकी कोणीही तुमचा हप्ता भरणार नाही. मिळालेच तर ते पैसे प्रवास, ध्वनी आणि संकलन यांसाठी असतील. पायल कपाडिया, शौनक सेन, कार्तिकी गोन्साल्विस या नावांमुळे गेल्या काही वर्षांत भारतीय माहितीपटाला कान महोत्सवाचे आणि ऑस्करचे व्यासपीठ मिळाले हे खरे, पण त्या बातम्या वाचून घरखर्चाचा अंदाज बांधू नये. म्हणून यजमानांशी बोलताना स्वप्न सांगू नका, कागद घेऊन बसा. महिन्याचा किमान खर्च किती, मालिकेच्या किती दिवसांत तो निघतो, नव्वद दिवस मागे राहिलेले कोणते पैसे कधी येणार आहेत, आणि काहीच आले नाही तर शिलकीवर किती महिने निभेल, एवढे चार आकडे पुरेत. बहुतेक घरांत वाद स्वप्नावर होत नाही, हिशेब न मांडल्यामुळे होतो.

आणखी काही गोष्टी आहेत, ज्यांना तुम्ही पत्रात स्पर्शही केलेला नाही, आणि मालिकेतून आलेली माणसे त्या नेहमीच विसरतात, कारण तिथे ते काम निर्मात्याचे असते. पहिली गोष्ट मालकीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. आजवर तुम्ही दिग्दर्शित केलेल्या एकाही भागावर तुमचा हक्क नव्हता, आणि या माहितीपटावर तो पूर्णपणे तुमचा असू शकतो. मात्र सेटवरच्या मित्राने सुट्टीच्या दिवशी आणलेला कॅमेरा जर युनिटचा असेल, तर आजपासून ते बंद करा आणि झालेल्या वापराबद्दल संबंधितांकडून लेखी घ्या. सध्याच्या करारात 'अन्य कामासाठी पूर्वपरवानगी' असे कलम आहे का, तेही वाचा. कोणीच वाचत नाही, आणि माहितीपटाला चार लोक ओळखू लागले की ते कलम आठवते. दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. माहितीपटाच्या जाहीर प्रदर्शनालाही सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना त्यातून सूट मिळू शकते, पण गावच्या सभागृहात तिकीट लावून दाखवायचे म्हटले तर तो प्रश्न येतोच.

तिसरी गोष्ट काकांची आहे. ओळखीच्या माणसाची संमती आपण गृहीत धरतो. त्यांनी तुम्हाला कॅमेरा लावू दिला, कारण तुम्ही गावची मुलगी आहात आणि 'टीव्हीवाल्या' आहात. त्यांना कदाचित वाटत असेल की हे एखाद्या वाहिनीवर लागेल आणि मंडळीला आणखी नाटके मिळतील. अर्धा पुसलेला चेहरा आणि मुलाशी झालेले बोलणे बाहेरच्या लोकांसमोर यावे का, हे त्यांना स्पष्ट विचारायला हवे. मंडळीच्या मालकांनाही विचारायला हवे, कारण पेटारा, कपडे आणि नाटक त्यांचे आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. तुमच्याकडे चाळीस तास आहेत, आणि तीन वर्षांत तुम्ही त्यातले एक मिनिटही जोडून पाहिलेले नाही. माझा संशय असा आहे की मालिका सोडण्याचा विचार मोठा होत गेला, तो या न केलेल्या कामामुळे. निर्णय घेतला की काम आपोआप सुरू होईल असे वाटते, होत नाही. म्हणून गणपतीपर्यंत या फूटेजमधून वीस मिनिटे जोडून लावा. त्याआधी सगळे फूटेज एकदा सलग पाहा आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्यात काय दिसते ते लिहा, काय म्हणायचे होते ते लिहू नका. संगीत लावू नका, निवेदन लिहू नका, काकांच्या मुलाखतीतले 'कलेची सेवा' वगैरे वाक्य कितीही गोड असले तरी पहिल्या खर्ड्यात घेऊ नका. मालिकेचा संकलक सोबत बसवू नका. तो उत्तम असेल, पण त्याचा हात तुमच्याइतकाच तयार आहे. त्याऐवजी माहितीपटांवर काम केलेल्या एखाद्या संकलकाला चार दिवसांचे मानधन देऊन समोर बसवा. हा खर्च नव्या कॅमेऱ्यापेक्षा आधीचा आहे. आमच्या ज्या तरुण वाचकांनी अभ्यासक्रम संपवून थेट 'माझी पहिली डॉक्युमेंटरी' कशी करू असे विचारले आहे, त्यांनाही माझे हेच सांगणे आहे. कोणाच्या तरी संकलनात सहा महिने बसा, नाहीतर काय चित्रित करायचे ते कळणार नाही.

चतुर्थीला तुम्ही गावी जालच. तेव्हा ती वीस मिनिटे काकांना लॅपटॉपवर दाखवा. घरचे असतील तर त्यांनाही बसू द्या. पावसाळ्यात नाटके बंद असतात आणि माणसे शेतीत असतात, त्यामुळे बोलायला वेळ असतो. ते काय म्हणतात यापेक्षा कुठे हसतात, कुठे उठून पाणी प्यायला जातात, ते पाहा. त्यानंतर मुंबईत दोन-तीन जाणत्या माणसांना दाखवा, आणि त्यांत 'हात बिघडतो' म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांनाही मोजा.

वीस मिनिटे उभी राहिली, तर येत्या हंगामात महिन्याचे दहा-बारा दिवसच मालिकेला द्या. दोन युनिटवर चालणाऱ्या मालिकांना बदली एपिसोड डायरेक्टर लागतोच, आणि तुमच्यासारखी वेळेत काम संपवणारी बाई कोणताही प्रॉडक्शन कंट्रोलर नाकारणार नाही. पैसे कमी येतील, पण चार आकड्यांचा कागद तुम्ही आधीच केलेला असेल. वीस मिनिटे उभी राहिली नाहीत, तरी तो विषय वाया गेला असे समजू नका. मग एखाद्या पुढच्या मालिकेचे मुख्य दिग्दर्शन खुशाल घ्या, कर्ज थोडे हलके करा, आणि दुसऱ्या हंगामात 'परत एकदा चला' न म्हणता चित्रण करा. दोन्ही मार्गांत अपमान कुठेच नाही.

राहता राहिली दिवाळीची ती मालिका. ती मी घेऊ नका असे म्हणेन, वीस मिनिटांचा निकाल काहीही लागो, कारण पुढचा हंगाम हातचा गेला तर काका आणखी एका वर्षाने मोठे होतील आणि कदाचित स्त्रीपार्टी करणार नाहीत. पण निर्मात्याला चतुर्थीपर्यंत ताटकळत ठेवू नका. त्यांना याच आठवड्यात फोन करा, हंगामभर गावाकडे काम आहे असे खरे कारण सांगा, आणि बदली दिग्दर्शक म्हणून महिन्याला दहा दिवस मिळतील का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.